हा अर्ज कुणाच्या टेबलावर ठेवायचा? दोन विभागांच्या सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस घरी मिळावयाच्या सेवेसाठी अर्ज कोठे करावा, याबाबत.

महोदय,

दोघांना एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळं लिहिलं की काय होतं ते ठाऊक आहे. आरोग्य विभाग कळवतो की सदर बाब दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत येते, आणि तिकडून उत्तर येतं की विषय उपचाराचा असल्याने अर्ज आरोग्य विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. वर्ग करण्याचं काम आपल्याकडे फार तत्परतेनं होतं.

मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रीमीलेअर, निराधारचा अर्ज, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं ओळखकार्ड, दिवसभर हेच. सर्व्हर डाउन असला की लोकांची बोलणी खायची आणि चालू असला की अंगठा उमटत नाही म्हणून पुन्हा खायची. घरी माझा धाकटा भाऊ आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. अर्ज भरून देणारी मीच आणि अर्जदाराची बहीणही मीच, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंचं मला दिसतं. घरी मिळायची सेवा मागायची असेल तर कोणता फॉर्म भरायचा आणि तो कुणाच्या टेबलावर ठेवायचा, एवढं मला आपल्याकडून हवं आहे. पोर्टलवर तो नाही. असता तर माझ्या केंद्रातून गेला असता.

पैशाचं जे आहे ते आहे, नाही म्हणत नाही. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान २०२३ मध्ये हजाराचं दीड हजार झालं आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार करायचा निर्णय झाला. चांगलंच झालं. दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी, असं दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सांगत होताच. आपल्याला तिथवर यायला वेळ लागला, एवढंच. अट अशी की अपंगत्व ४० टक्के हवं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारसुद्धा नाही. दोन माणसं मजुरीला जाणाऱ्या घरात हा दाखला खरा कसा निघतो हे तलाठ्याला माहीत आहे, मला माहीत आहे आणि आपल्यालाही माहीत आहे. असो, तो वेगळा विषय.

या पत्राचा विषय पैसा खात्यात जमा झाल्यानंतरचा आहे. गोळ्या तोंडात धरून बेसिनमध्ये थुंकणाऱ्या माणसाला अडीच हजारांनी काय होतं? त्याच्यासाठी कुणीतरी घरी यावं लागतं.

आणि कुणीतरी घरी यावं, हे मी मनचं सांगत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ची प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये असते. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या १८ व्या कलमात शासनानं काय काय पुरवायचं ते लिहिलं आहे: कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा, घरच्या घरी पुनर्वसन, हाफवे होम म्हणजे दवाखाना आणि घर यांच्यामधली राहण्याची जागा, आधारासह राहण्याची सोय. पेशंटला उपचारासाठी लांब जावं लागू नये, हेही त्यातच आहे. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत, असंही आहे. ‘सर्वकाळ’ हा शब्द कायद्यातला आहे. आमच्याकडे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात खिडकीतून चिठ्ठी मिळते, ‘बाहेरून घ्या’.

त्यापुढचं ऐका. जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल तर पेशंटनं दुसरीकडे उपचार घ्यावेत आणि खर्च शासनानं द्यावा, हेही त्या कलमात आहे. २०१८ च्या नियमांनुसार या परताव्यासाठी अर्ज करायचा तो जिल्ह्याच्या ‘मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्या’कडे. नियम दिल्लीत लिहिले गेले, तिकडच्या राज्यांत हे पद असतं. आपल्या जिल्ह्यात एक जिल्हा शल्यचिकित्सक असतात आणि एक जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. मी दोन्ही कार्यालयांत विचारलं. दोन्हीकडच्या लिपिकांनी अगदी सौजन्यानं दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता दिला. परतावा मिळणं लांबच राहिलं, अर्जावर आवक क्रमांकही पडला नाही. मी स्वतः सरकारी कागदांच्या धंद्यात असून माझी ही गत, तर पाड्यावरून येणाऱ्या बाईनं काय करायचं?

आता इंजेक्शनचं सांगते, कारण सगळं दुखणं त्यात दिसतं. गोळ्या न घेणाऱ्या पेशंटसाठी पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं द्यायचं इंजेक्शन असतं. कमरेत द्यायचं, दोन मिनिटांचं काम. औषध अंगात हळूहळू उतरतं, रोजची भांडणं वाचतात. भावाला ते लागू पडलं. पण ते मिळतं जिल्हा रुग्णालयात, मानसोपचार ओपीडीच्या वारी. म्हणजे पहाटेची एसटी. गर्दीत त्याला वाटतं, मागच्या सीटवरचे त्याच्याबद्दलच बोलतात. स्वारगेटला जाणारी गाडी असली तर फारच हाल, कारण ती भरलेलीच येते. त्याला खिडकीशी बसवायचं, मी कडेला बसायचं, कंडक्टरला आधीच डोळ्यांनी सांगून ठेवायचं. कधी निम्म्या वाटेत तो उतरायचं म्हणतो आणि मग उतरावंच लागतं. इंजेक्शन हुकतं. हुकल्यावर तीन-चार आठवड्यांनी काय होतं ते आमच्या गल्लीला माहीत आहे.

आमच्या घरापासून प्राथमिक आरोग्य केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे नर्सताई आहेत, फ्रीज आहे, सिरिंज आहेत. कुत्रा चावल्याची लस तिथे मिळते, बाळाची लस मिळते. टीबीच्या पेशंटच्या गोळ्यांवर लक्ष ठेवायला आशाताई दारात येतात आणि ते काम किती नेटानं करतात ते मी रोज बघते. मग हे एक इंजेक्शन, ज्याचा डोस मानसोपचारतज्ज्ञांनी लिहूनच दिला आहे, तिथे का देता येत नाही? विचारलं तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, हे आमच्या इंडेंटमध्ये नाही.’ इंडेंट म्हणजे औषधांची मागणी-यादी. डॉक्टर भले आहेत, त्यांच्या हातात नाही, हेही कळतं. इंडेंटमध्ये घालणं ज्यांच्या हातात आहे त्यांनाच हे पत्र आहे. याच आजारावरची क्लोझापिन नावाची गोळी चालू असलेल्यांचं तेच. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. रक्ताची ती साधी तपासणी ग्रामीण रुग्णालयात रोज होते. फक्त रिपोर्ट बघून ‘गोळी चालू ठेवा’ म्हणणारा माणूस जिल्ह्याला असतो. फोनवर सांगता येण्यासारखं आहे हे. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं, २०२२ पासून ती सोय आहे, आणि रात्री आईला धीर द्यायला तिचा मला उपयोग झाला आहे. पण फोनवरून इंजेक्शन देता येत नाही.

यूडीआयडीबद्दल दिव्यांग कल्याण विभागाला थोडं सांगायचं आहे. मानसिक आजाराचे टक्के ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीनं काढतात. चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. आजार किती वर्षांचा आहे याचेही गुण त्यात धरतात. मोजपट्टी वाईट नाही. ती लावली कशी जाते ते बघा. टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी भावाची दाढी मी केलेली असते. आंघोळ त्यानं केलेली असते, कारण आई न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी होती आणि आतून पाण्याचा आवाज येईपर्यंत हलली नव्हती. शर्ट इस्त्रीचा. औषध पोटात. आत गेल्यावर नाव विचारतात, वार विचारतात, तो नीट सांगतो. ‘बरे आहेत की!’ घर जितकं नीट सांभाळतं तितके त्याचे टक्के कमी होतात. माझ्या केंद्रात एक काका आले होते, मुलाला ४० ला थोडे कमी पडले म्हणून. शेजारच्यांनी त्यांना सल्ला दिला होता की बोर्डाच्या आधी आठवडाभर गोळ्या बंद ठेवा. मी हात जोडले त्यांना, असं करू नका म्हणून. पण हा सल्ला सर्रास दिला जातो, तेवढं आपण लक्षात घ्या.

शिवाय मानसिक आजाराचं प्रमाणपत्र बरेचदा तात्पुरत्या मुदतीचं निघतं. मुदत संपली की पुन्हा बोर्ड, पुन्हा एसटी, आणि मधल्या काळात अनुदान थांबतं. २०२४ च्या सुधारित नियमांनी कार्डाला पांढरा, पिवळा, निळा रंग दिला आणि ते द्यायची मुदत एका महिन्याची तीन महिने केली. रंगाचं ठीक आहे. मुदत का वाढवली ते कुणीतरी समजावून सांगावं.

कायद्यानं एकाला दिलेलं दुसऱ्याला नाही, असंही आहे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच तो आहे. त्यांना निरामय विमा आहे, एक लाखापर्यंतचा आणि ओपीडीसकट. पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांची समिती आहे. स्किझोफ्रेनियाचा पेशंट त्यात बसत नाही. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन आयांपैकी एकीला मी फॉर्म देते आणि दुसरीला ‘तुमच्यासाठी नाही हो’ म्हणते. कायदा केंद्राचा आहे, मान्य. पण त्याच धर्तीची योजना राज्यानं करू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

सांभाळणाऱ्यांचं काय? आई सत्तरीच्या पुढे आहे. तिला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं आहे, ते ती करून घेत नाही, कारण ती दवाखान्यात असताना घरी कोण. मी केंद्र बंद ठेवलं तर चूल कशावर. आमच्यासारख्या घरांत ‘आमच्या माघारी काय’ हे रोजचं बोलणं आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. ३८ व्या कलमात असा आधार मागण्यासाठी अर्ज करता येईल, मूल्यांकन मंडळ तो तपासेल, असं आहे. अर्ज कुणाकडे, हे तहसीलमध्ये विचारलं तेव्हा तिथल्या साहेबांनी कायद्याची प्रत माझ्याकडूनच झेरॉक्स करून घेतली. केरळात आश्वासकिरणम् नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना, गंभीर मानसिक आजार असलेल्यांना सांभाळणाऱ्या माणसाला महिन्याला ६०० रुपये. रक्कम लाजिरवाणी आहे. पण त्या राज्यानं सांभाळणाऱ्या बाईच्या नावानं एक रकाना तरी छापला. आपल्याकडे तो रकानाच नाही.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते मार्चअखेर घाईघाईनं वाटले जातात, हातात थोडे पैसे नाहीतर काहीतरी वस्तू. त्यातून गावातल्याच एखाद्या बाईला शिकवून महिन्याचे काही दिवस अशा घरांत सोबतीला पाठवलं तर आईचा गुडघा मार्गी लागेल. ग्रामसेवकाला मी हे सुचवलं. तो म्हणाला, शासन निर्णयात तसं खर्चाचं हेड नाही.

रात्री त्रास वाढला तर काय करायचं, हा प्रश्न वेगळाच आहे. ॲम्ब्युलन्स शारीरिक आजाराला जशी मिळते तशीच, तेवढीच आणि त्याच दर्जाची मानसिक आजाराला मिळाली पाहिजे, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ म्हणतं. प्रत्यक्षात फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘पेशंट मारतो का?’ आणि दुसरा, ‘पोलिसांना कळवलंय का?’ भावानं आजवर कुणावर हात उचललेला नाही. तो घाबरतो आणि कपाटामागे जाऊन बसतो. अशा माणसासाठी दारात पोलिसांची गाडी उभी राहिली की पुढचे सहा महिने काय चालतं ते आम्ही भोगलेलं आहे.

आणि हे सगळं घरी मिळत नसेल तर उरतं काय? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. राज्यातली चार मनोरुग्णालयं, सगळी इंग्रजांच्या काळातली. एकट्या येरवड्यात २५४० खाटा. तिथले डॉक्टर-नर्स कष्ट करत असतील, त्याबद्दल बोलत नाही. पण त्याच कायद्याचं १९ वं कलम म्हणतं की कुटुंब नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही तिथे ठेवता येणार नाही. २०२१ मध्ये बऱ्या झालेल्या पेशंटांना आपलं राज्य भिक्षेकरीगृहासारख्या ठिकाणी हलवतं, हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलं आणि न्यायालयानं ते थांबवायला सांगितलं. पुढे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयानं दहा-दहा वर्षं आत असलेल्यांचा हिशेब मागितला. हिशेब न्यायालयाला मागावा लागतो, इथेच सगळं आलं. बाहेर जागा कुणी करायची, यावर आपल्या दोन विभागांचं एकमत झालं असतं तर ही माणसं कधीच घरी गेली असती.

उपाय परदेशातून आणायला नकोत. आपल्या साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत मिळून स्किझोफ्रेनियाच्या २८२ पेशंटांवर एक मोठा अभ्यास झाला. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून पेशंटच्या घरी पाठवायचं आणि नुसत्या दवाखान्यातल्या उपचाराशी तुलना करायची. २०१४ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. फरक फार मोठा नव्हता, पण होता, आणि जिथे सेवा तुटपुंज्या आहेत अशा ग्रामीण भागासाठी हा मार्ग त्यांनी सुचवला. सांभाळणाऱ्यांच्या डोक्यावरचा भार मात्र त्यानं हलका झालेला दिसला नाही. म्हणून वर काळजीवाहूंचं वेगळं मागितलं. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातल्याच स्वयंसेवकांनी मनानं खचलेल्या माणसांना गाठलं, त्यांच्याशी बोलले आणि त्यांना सरकारी योजनांपर्यंत पोचवलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्पासाठी आशाताईंना घरोघर ताण ओळखायला शिकवलेलंच आहे. माणसं आहेत, शिक्षण झालेलं आहे. वर्षानुवर्षं औषधावर असलेला पेशंट तेवढा कुणाच्याच यादीत नाही.

दिव्यांग कल्याण विभाग २०२२ च्या डिसेंबरात स्वतंत्र झाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पुढच्या वर्षी विभाग ‘दिव्यांगांच्या दारी’ आला, तो जिल्ह्याच्या ठिकाणी, मांडवात. भावाला मी तिथे नेलं नाही. स्पीकर फार मोठ्यानं लावले होते.

आता मागणं. प्रत्येक तालुक्यात एक अधिकारी नेमा, दोन्ही विभागांच्या संयुक्त शासन निर्णयानं, आणि त्याचं नाव प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहा. घरच्या सेवेसाठी एक पानाचा अर्ज काढा. तो आपले सरकारवर टाका, मी फुकट भरून देईन आणि पोच घेईन. पंधरा दिवस-महिनाभर चालणारी ती इंजेक्शनं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इंडेंटमध्ये घाला आणि ज्याला येता येत नाही त्याच्या घरी नर्सताईंना पाठवा, वेगळा भत्ता देऊन, फुकट नको. आशाताईंच्या पाठीवर आधीच बरंच लादलेलं आहे. प्रमाणपत्राचं नूतनीकरण ग्रामीण रुग्णालयात होऊ द्या आणि ते होईपर्यंत अनुदान चालू ठेवा. बोर्डासमोर काळजीवाहूचं म्हणणं लेखी नोंदवून घ्या. काळजीवाहू भत्त्याचा रकाना उघडा. परताव्यासाठी ‘मुख्य वैद्यकीय अधिकारी’ म्हणजे आपल्या राज्यात कोण, याचं दोन ओळींचं परिपत्रक काढा. याला तर पैसाही लागत नाही.

२०१७ च्या कायद्यात ३१ वं कलम आहे. लोकसंख्येच्या मानानं पुरेसे मानसिक आरोग्य कर्मचारी नेमण्याचे प्रयत्न शासनानं दहा वर्षांच्या आत करायचे आहेत. ती दहा वर्षं मे २०२८ मध्ये संपतात. त्याआधी आमच्या तालुक्याला किती माणसं मिळणार, हे आकड्यात कळवावं.

उत्तर दोन्ही विभागांच्या सहीनं एकाच पत्रात यावं, ही विनंती. प्रत माहितीसाठी जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी या दोघांना देत आहे. यापैकी ज्यांनी ती दुसऱ्याकडे वर्ग करायचं ठरवलं, त्यांनी जावक क्रमांक मला कळवावा.

आपली,
आपले सरकार सेवा केंद्र चालवणारी एक बहीण